हॉटेलच्या मेंटेनन्समधून स्वतःच्या एसी कामाकडे: गोव्यात कंत्राटदार होताना काय काय करायचं

कळंगुट-कांदोळीच्या हॉटेलात सात-आठ वर्षं मेंटेनन्स केलेल्या टेक्निशियनला एसी उघडायला कुणी शिकवावं लागत नाही. बाहेर पडल्यावर तो अडतो दुसरीकडेच. हॉटेलात त्याच्या पाठीशी चौघं असतात: पार्ट काढून देणारा स्टोअरकीपर, दर ठरवणारा पर्चेसवाला, पैसे वसूल करणारं अकाउंट्स आणि ‘हे काम आपलं नव्हे’ असं ठणकावून सांगणारा चीफ इंजिनिअर. स्वतःचं काम सुरू केलं की या चौघांचं काम तुमच्या अंगावर येतं. हा लेख मुख्यतः त्याबद्दल आहे, आणि गोव्याची हवा, भिंती व सीझन जिथे कामात आडवे येतात तिथे पान्याबद्दलही.

उदाहरणासाठी स्प्लिट एसीचं काम धरलं आहे: उत्तर गोव्यातल्या बार्देश-तिसवाडीतले बंगले, होमस्टे, छोटी गेस्टहाऊस, पर्वरी-पणजीतले फ्लॅट. दक्षिणेला कोलवा-बाणावलीकडे गणित फारसं बदलत नाही.

नाव कंत्राटदाराचं आणि काम नोकराचं, असं तर नाही ना?

सुरुवात कधीकधी मालकाकडूनच होते. ‘पेरोलवरून उतर, तुला कंत्राट देतो, महिन्याला दोन हजार जास्त.’ सही करण्याआधी चार गोष्टी विचारा. येण्याजाण्याची वेळ कोण ठरवणार? हत्यारं कुणाची? एखाद्या दिवशी तुमच्या जागी दुसरा माणूस पाठवता येईल का? इतर हॉटेलांची कामं घेता येतील का? चारही उत्तरं हॉटेलच्या बाजूने असतील तर तुम्ही कंत्राटदार झालेला नाहीत. नोकरी तीच राहिली. पीएफमधला मालकाचा १२ टक्के वाटा, बोनस, पगारी रजा, ईएसआय (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) आणि पुढची ग्रॅच्युइटी तेवढी गेली. १५,००० मूळ पगारावर मालकाचा पीएफचा वाटाच महिन्याला १,८०० होतो. वाढलेले दोन हजार तिथेच संपले.

जुनं हॉटेल ग्राहक म्हणून मिळालं तर आनंदाने घ्या. मात्र दर कामागणिक असावा, वेळ तुमची असावी, आणि वर्षाच्या एकूण कमाईत त्याचा वाटा निम्म्यावर जाऊ देऊ नका. तो एक ग्राहक तुटला की घर बसतं.

सोडायची वेळ

मेच्या ओव्हरटाइमचे पैसे हातात आले की जूनमध्ये सोडायचा मोह होतो. तो आवरा. जून ते ऑगस्ट एसीचं काम मंदावतं, समुद्रकाठची कित्येक घरं बंदच असतात, आणि पहिले तीन महिने शिल्लक खाण्यात जातात. राजीनामा असा द्या की नोटिशीचा महिना चवथीच्या सुमारास संपेल. पावसाळाभर बंद राहिलेली घरं सप्टेंबरअखेरीस उघडतात, ऑक्टोबरचा उकाडा सुरू होतो, आणि सीझनच्या तोंडावर सगळ्यांना एकाच आठवड्यात सर्व्हिस हवी असते. पुढे नाताळाआधीची धावपळ, मग फेब्रुवारी ते मे हे कमाईचे महिने. पहिल्याच पावसाळ्याला सामोरं जाण्याआधी आठ महिने हातात मिळतात.

हत्यारांचे पैसे वेगळे आणि घरखर्चाचे वेगळे. घरखर्च सहा महिन्यांचा हवा, हप्ते धरून. तो जमला नसेल तर एक सीझन थांबा. कर्ज काढून हत्यारं घेता येतात (मुद्रा योजनेत शिशू गटात ५० हजारांपर्यंत आणि किशोर गटात ५ लाखांपर्यंत मिळतं, राज्यात ईडीसीची, म्हणजे आर्थिक विकास महामंडळाची, मुख्यमंत्री रोजगार योजनाही आहे), पण कर्ज काढून घरखर्च चालवायला लागलात की कुठल्याही दराला काम घ्यावं लागतं. घसरण इथूनच सुरू होते.

निघताना काय घेऊन निघायचं

कायम नोकरीत ग्रॅच्युइटीला पाच वर्षांची सलग नोकरी लागते. चार वर्षं नऊ महिने झाले असतील तर तीन महिने कळ काढा. हिशेब असा: शेवटचा मूळ पगार अधिक महागाई भत्ता, गुणिले १५, भागिले २६, गुणिले वर्षं. १८,००० पगार आणि आठ वर्षं असतील तर ८३,०७७ रुपये. एवढ्यात निम्म्याहून जास्त हत्यारं येतात.

पीएफ काढू नका. पाच वर्षं सलग नोकरी होण्याआधी काढलेल्या रकमेवर कर लागतो, आणि पेन्शनच्या भागाला दहा वर्षांची नोकरी लागते. पुढे कधी पुन्हा नोकरी धरली तर जुनी वर्षं जोडली जातात. फक्त यूएएनवर (पीएफच्या कायम क्रमांकावर) नोकरी सोडल्याची तारीख भरली गेली आहे आणि बँक खातं व आधार जुळलेलं आहे, एवढं निघायच्या आठवड्यातच बघून घ्या. नंतर एचआरच्या मागे धावणं जिवावर येतं.

अनुभवाच्या पत्रात नुसतं ‘मेंटेनन्स टेक्निशियन’ नको. किती स्प्लिट युनिट, व्हीआरएफ (एका आउटडोअरवर अनेक इनडोअर) होतं का, चिलरवर (मोठ्या इमारतीसाठी पाणी थंड करणाऱ्या यंत्रावर) काम केलं का, कुठली वर्षं, हे लिहून घ्या. मोठं गेस्टहाऊस किंवा हाऊसिंग सोसायटी वार्षिक करार देताना हेच वाचते.

ऑफर लेटरमध्ये ‘नोकरी सोडल्यावर दोन वर्षं याच क्षेत्रात काम करणार नाही’ अशी अट असेल तर घाबरू नका. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम २७ नुसार माणसाला आपला धंदा करण्यापासून रोखणारी अशी अट टिकत नाही. पण नोकरीत असताना बाहेरची कामं घेणं किंवा हॉटेलची पाहुण्यांची व पुरवठादारांची यादी कॉपी करून नेणं वेगळं. ते करू नका.

कागद, करायच्या क्रमाने

आधी उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी: आधार आणि पॅनवर, ऑनलाइन, फुकट. पैसे मागणाऱ्या हुबेहूब साइट बऱ्याच आहेत. पत्त्याच्या शेवटी ‘गव्ह डॉट इन’ नसेल तर बंद करा. मग पंचायतीचं किंवा पालिकेचं ट्रेड लायसन्स. सामान ठेवायला गाळा घेतलात तर हे लागतंच, आणि घरातून काम करणार असाल तरी पंचायत सचिवाला विचारून घ्या. हे दोन कागद झाले की बँकेत धंद्याच्या नावाने चालू खातं उघडतं. घरचं खातं आणि धंद्याचं खातं पहिल्या दिवसापासून वेगळं ठेवा.

जीएसटी लगेच लागत नाही. सेवेची वर्षाची एकूण उलाढाल २० लाखांच्या वर गेली की नोंदणी करावी लागते. उलाढाल म्हणजे सगळं बिल, त्यातला गॅस, कॉपर, पार्ट धरून. नुसती मजुरी नव्हे. इथे चुकतं. तुम्ही नवे एसी विकत घेऊन बसवून द्यायला लागलात की आकडा भराभर चढतो. शक्यतो एसी ग्राहकाला दुकानातून थेट घ्यायला सांगा, तुम्ही बसवण्याचं बिल द्या. नोंदणी नसताना बिलावर जीएसटी लावायचा नाही, कुणी मागितला तरी.

नोकरीबरोबर ईएसआय जातो. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड नसेल तर काढा, असेल तर मुदत बघा. गोव्यात पाच वर्षं राहिलेल्या कुटुंबाला तीन माणसांपर्यंत अडीच लाख आणि चार किंवा जास्त माणसं असतील तर चार लाखांचं वर्षाचं संरक्षण मिळतं. प्रधानमंत्री सुरक्षा विमा वर्षाला २० रुपयांत दोन लाखांचा अपघात विमा देतो. तुमचा आणि हेल्परचा, दोघांचाही करा. हेल्पर एकच असला तरी कामावर त्याला इजा झाली तर भरपाईची जबाबदारी तुमची. म्हणून कर्मचारी भरपाईची एक छोटी पॉलिसी विमा एजंटाकडून वेगळी घ्या.

विजेची रेघ कुठे आहे

हॉटेलात तुम्ही डीबी (वीज वाटणारी पेटी) उघडून नवा पॉइंट ओढत होता, कारण वर परवाना असलेला माणूस होता. बाहेर तो नाही. केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांनुसार दिवा, पंखा, फ्यूज, स्विच, २५० व्होल्टपर्यंतचं घरगुती उपकरण हे जसंच्या तसं बदलणं चालतं. त्यापुढचं, म्हणजे वायरिंग वाढवणं, बदलणं, दुरुस्त करणं, हे राज्याचा परवाना असलेल्या इलेक्ट्रिकल कंत्राटदारानेच करायचं, आणि तेही सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या माणसाच्या थेट देखरेखीखाली.

म्हणजे असलेल्या पॉइंटवर एसी बसवा. डीबीतून नवी लाइन परवानाधारकाकडून ओढून घ्या आणि त्याचं बिल ग्राहकाला थेट जाऊ द्या. काम सुरू करण्याआधी तुम्ही मात्र चार गोष्टी मोजा: अर्थिंग आहे का, लाइन चालू असताना व्होल्टेज किती पडतं, दीड टनाला वेगळी लाइन व वेगळा एमसीबी आहे का, आणि वायर किती जाडीची. जुन्या घरांत एसी अडीच चौरस मिमीच्या लांबलचक वायरीवर इतर पॉइंटबरोबर टांगलेला सापडतो. चार चौरस मिमीची स्वतंत्र लाइन सुचवा, लेखी सुचवा. मालकाने ऐकलं नाही आणि पुढे पीसीबी (एसीचा सर्किट बोर्ड) जळली तर तो लेखी निरोपच तुमच्या बाजूने उभा राहतो.

हत्यारं

सगळं एकदम घेऊ नका, पण पुढच्या वस्तूंत काटकसर करू नका: दोन स्टेजचा व्हॅक्यूम पंप, मायक्रॉन गेज, आर-३२ आणि आर-४१०ए या नव्या गॅसचा दाब सोसणारा मॅनिफोल्ड (दाब मोजायचा गेजचा संच) व नळ्या, डिजिटल वजनकाटा, चांगलं फ्लेअरिंग टूल (जोडासाठी तांब्याच्या नळीचं तोंड फुलवणारं), ठरावीक जोरानेच आवळणारा टॉर्क पाना, क्लॅम्प मीटर, सेफ्टी हार्नेस. नायट्रोजन सिलिंडर सुरुवातीला भाड्याने चालतो, रेग्युलेटर मात्र स्वतःचा. जेट पंप, शिडी, रोटरी हॅमर आणि ६५ मिमीचा कोअर बिट. हॉटेलात आर-२२ या जुन्या गॅसवर हात बसलेला असेल तर जुना मॅनिफोल्ड नव्या गॅसवर वापरायचा नाही. चालू असताना आर-२२ चा सक्शन (परतीच्या नळीतला दाब) ६०-७० पीएसआय असतो, आर-४१०ए आणि आर-३२ चा त्याच्या जवळजवळ दुप्पट.

टॉर्क पान्याला लोक हसतात. पाव इंची नटाला १४ ते १७ न्यूटन-मीटर, तीन सुतीला (३/८ इंच) ३३ ते ४०, अर्धा इंचीला ५० ते ६०. हाताच्या अंदाजाने पाव इंची नट हमखास जास्त आवळला जातो, फ्लेअर पातळ होतं, आणि दोन महिन्यांनी तुम्ही फुकट फेरी मारता. नोकरीत फेरी फुकट नसते, पगार चालूच असतो. आता पेट्रोल तुमचं.

दर काढणं

शेजारचा माणूस सर्व्हिसला जेवढे घेतो त्याहून पन्नास कमी, अशा पद्धतीने दर ठरवला तर मेमध्ये भरपूर काम आणि जुलैमध्ये उसनवारी. दर खर्चापासून वर काढायचा. पुढचे आकडे नमुन्याचे आहेत, पद्धत महत्त्वाची.

हातात २२,००० पगार होता. त्यात मालकाचा पीएफ, बोनस, पगारी रजा आणि ड्युटीवरचं जेवण मिळवलं तर आधीएवढंच राहायला महिन्याला ३०,००० लागतात: वर्षाला ३,६०,०००. हेल्परला महिन्याला १५,०००: १,८०,०००. पेट्रोल आणि गाडी ७२,०००. फोन, विमा, हत्यारांची दुरुस्ती, केमिकल ३६,०००. फुकटच्या परतफेऱ्या आणि बुडालेली बिलं २४,०००. ही रक्कम धरायला लाजू नका, ती जातेच. एकूण ६,७२,०००.

आता दिवस. ३६५ मधून ५२ रविवार, चवथ-नाताळ-शिमग्याचे मिळून १५, आजारपणाचे ८ वजा केले की २९० उरतात. त्यातला साधारण तिसरा हिस्सा काम बघायला जाणं, म्हापशाला किंवा मडगावला सामान आणणं, बिलं, वसुली आणि पावसाळ्यातले रिकामे दिवस यांत जातो. पैसे देणारे दिवस राहिले १९५. भागाकार करा: दिवसाला ३,४४६ रुपये. दिवसात चार वेट सर्व्हिस (पाण्याने धुऊन केलेल्या) होत असतील तर एका सर्व्हिसमागे ८६२ रुपये हा नुसता खर्च आहे, नफा अजून आलेलाच नाही. सहाशेला सर्व्हिस करणारा माणूस एक तर हेल्परशिवाय काम करतो, एक तर कॉइल धूत नाही, एक तर त्याला हे गणित अजून कळलेलं नाही. त्याच्याशी स्पर्धा करू नका.

वार्षिक करार

एकेकट्या फोनवर पावसाळा निघत नाही. वार्षिक करारांवर निघतो. सहा एसींच्या होमस्टेचं उदाहरण घ्या. वर्षात चार फेऱ्या: पाऊस संपताना सप्टेंबरअखेर, डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात, मार्चमध्ये, आणि मेच्या शेवटी बंद करण्याआधी. एकाच जागी असल्याने सहाही एसी एका दिवसात होतात. चार दिवस गुणिले ३,४४६ म्हणजे १३,७८४. त्यावर नफा धरून वरच्या हिशेबात १६,००० च्या खाली सही करायची नाही. निम्मे सही करताना, उरलेले डिसेंबरच्या फेरीला. शेवटच्या फेरीसाठी पैसे अडकवून ठेवायचे नाहीत. मेनंतर मालक दिल्ली-मुंबईला परतलेला असतो.

करारात काय येत नाही हे जास्त स्पष्ट लिहा. गॅस, पीसीबी, कॉम्प्रेसर, मोटर, कपॅसिटर आणि कॉइल बाहेर. सगळे पार्ट धरून केलेला करार पहिल्या दोन वर्षांत घेऊच नका. समुद्रापासून दोनशे मीटरवरच्या सहा एसींपैकी एक कॉइल फुटली की वर्षाचा नफा गेला. ‘बोलावल्यावर किती वेळात येणार’ या रकान्यात एरवी २४ तास ठीक आहे. २० डिसेंबर ते ५ जानेवारी मात्र ४८ लिहा. त्या दिवसांत सगळेच ग्राहक एकदम फोन करतात, आणि पाळता न येणारं वचन देऊन चांगला ग्राहक तुटतो.

गोव्यातली खास अडचण म्हणजे पैसे देणारा आणि घर उघडून देणारा वेगळा असतो. केअरटेकर म्हणतो ‘करून टाक, मालक देतील’, मालक म्हणतो ‘मला कुणी विचारलं?’ म्हणून ठरलेल्या मजुरीवर एक रुपयाही वाढत असेल तर ज्याच्या खिशातून पैसे जाणार त्याला व्हॉट्सअॅपवर निरोप पाठवा आणि उत्तर येईपर्यंत पाना खाली ठेवा. निरोप असा:

“नमस्कार मॅडम. आज घरचे चारही एसी तपासले. बेडरूम २ च्या आउटडोअर युनिटला फ्लेअर नटजवळ गळती आहे, फोटो पाठवले आहेत. फ्लेअर नवीन, नायट्रोजन टेस्ट आणि व्हॅक्यूम: मजुरी १,८००. गॅस वजनाने, काट्याचा फोटो देईन, बिल तेवढ्याच ग्रॅमचं. गळती कॉइलमध्ये निघाली तर हा दर नाही. काम थांबवून तुम्हाला पुन्हा विचारेन. तुमचं ‘हो’ आलं की उद्या ११ वाजता येतो.”

‘कॉइलमध्ये निघाली तर’ हे वाक्य विसरू नका. बहुतेक भांडणं तिथेच होतात.

चिऱ्याची भिंत, खारी हवा, पाऊस

आउटडोअर युनिट ३०-३५ किलोचं असतं आणि वर्षानुवर्षं थरथरत राहतं. ते चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) भिंतीवर साध्या अँकर फास्टनरवर टांगलं तर पडणार. फास्टनर भोकात फुगून कडेला दाब देतो आणि त्या दाबावर धरतो. काँक्रीट तो दाब सोसतं. चिरा सच्छिद्र आणि ठिसूळ, त्याचा भुगा होतो. बसवताना नट घट्ट लागतो, म्हणून फसायला होतं. ड्रिल करताना लक्ष ठेवा: लाल भुसा सलग येत असताना बिट मध्येच एकदम मोकळी पुढे सरकली तर आत पोकळी आहे, ते भोक सोडा. पहिली पसंती आरसीसी बीम किंवा कॉलमला. ते हाताशी नसेल तर १२ मिमीचे दांडे भिंतीच्या आरपार काढून आतल्या बाजूला १०० मिमीची चौकोनी पट्टी आणि नट. आरपार जाता येत नसेल तर जाळीच्या स्लीव्हसह केमिकल अँकर, आणि तो सुकायचा पूर्ण वेळ देऊन. सगळ्यांत उत्तम म्हणजे जमिनीवर काँक्रीटच्या ठोकळ्यावर स्टँड: जागा असेल तर मालकाला हेच सुचवा, पुढची सर्व्हिसही सोपी आणि शिडीचा धोका नाही.

जुन्या घरांच्या भिंती हात-दीड हात जाड असतात, दर देण्याआधी जाडी मोजा. पाइपाचं भोक बाहेरच्या बाजूला उताराचं पाडा आणि बाहेरून पुटीने बंद करा. नाही तर जूनमध्ये पाणी पाइपावरून थेट बेडरूममध्ये उतरतं. ड्रेन पाइपाला मीटरमागे निदान एक सेंटिमीटर उतार हवा, मध्ये पोट सुटलेलं नको. पावसाळ्यात ‘एसी गळतो’ म्हणून येणाऱ्या फोनांत गॅसचा दोष क्वचित, ड्रेनमधला शेवाळी चिखल हेच बहुधा कारण. साध्या भाषेत हे सांगितलं की ग्राहकाचा विश्वास बसतो.

किनाऱ्यालगत मीठ कॉइलवरच्या अॅल्युमिनियमच्या फिन (पातळ पत्र्या) खातं, जिथे फिन आणि तांबं भेटतात तिथे सर्वांत आधी. उपाय महाग नाही: महिन्यातून एकदा गोड्या पाण्याने हलक्या धारेने आउटडोअर कॉइल धुवायची, वरून खाली. हे केअरटेकरला शिकवा. बागेच्या पाइपानेही होतं. जेट पंप जवळ धरला तर फिन झोपतात, अॅसिडवालं क्लीनर तर गंज वाढवतं. नट-बोल्ट स्टेनलेस ३०४ चे, लाटांच्या अगदी समोर असेल तर ३१६ चे. पावसाळ्यात युनिट पूर्ण प्लास्टिकात गुंडाळायची पद्धत मोडा. आत ओल कोंडते, उंदीर-पाली घर करतात आणि पीसीबी त्यांच्यामुळेच जाते. वरून टोपी पुरे. घर बंद असेल तर पंधरा दिवसांनी अर्धा तास चालू करायला सांगा.

गॅसबद्दल एकच आग्रह. गॅस संपत नाही, गळतो. दरवर्षी ‘टॉप-अप’ मारून पैसे घेणाऱ्याकडून सुटका म्हणूनच ग्राहक तुमच्याकडे येतो. गळती शोधा, दुरुस्त करा, नायट्रोजन साधारण ३५० पीएसआयला अर्धा तास धरून ठेवा, ५०० मायक्रॉनच्या खाली व्हॅक्यूम ओढा, पंप बंद करून आकडा टिकतो का बघा, मग पाटीवर लिहिलेल्या वजनाइतका गॅस काट्यावर भरा. आर-४१०ए मिश्रण आहे, तो द्रवरूपातच सोडायचा. आर-३२ पेट घेऊ शकतो: खोली उघडी, लाइन पूर्ण रिकामी केल्याशिवाय टॉर्च पेटवायचा नाही. आणि दाब बघायला ऑक्सिजन कधीही, कुठल्याही घाईत वापरायचा नाही. कॉम्प्रेसरच्या तेलाशी त्याची गाठ पडली की स्फोट होतो.

कामाची हमी मर्यादित आणि लेखी ठेवा: ड्रेन आणि सर्व्हिसला ३० दिवस, आमच्या जोडाला ९० दिवस, इतरांनी हात लावला तर नाही.

बिल, वसुली, कर

बिलावर क्रमांक, तारीख, युनिटचा मॉडेल व सीरियल नंबर, काय केलं, पॅन आणि उद्यम क्रमांक. घरगुती ग्राहक यूपीआयवर जागेवरच देतो. हॉटेलं लांबवतात. तुमची उद्यम नोंदणी असेल तर २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार लेखी करार नसताना १५ दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज. मुदतीत न दिलेलं बिल आयकरात त्या वर्षीचा खर्च म्हणून धरता येत नाही, हे अकाउंटंटला ठाऊक असतं. बिलाखाली उद्यम क्रमांक आणि देय तारीख ठळक लिहिली की बहुतेक वेळा भांडावं लागत नाही. वर्षअखेरीआधी, फेब्रुवारीतच, थकलेल्या बिलांची यादी घेऊन भेटा.

हॉटेल तुमच्या बिलातून टीडीएस कापतं. एका बिलाला ३०,००० किंवा वर्षात एक लाख ओलांडलं की व्यक्ती कंत्राटदाराला १ टक्का. लोक याला अजून जुन्या आयकर कायद्यातलं कलम १९४सी म्हणूनच ओळखतात. ४०,००० च्या बिलात ४०० गेले तर ठीक. ४,००० गेले तर तुम्हाला प्रोफेशनल धरून १० टक्के कापलंय, लगेच दुरुस्त करून घ्या. पॅन दिला नसेल तर २० टक्के जातात. कापलेले पैसे आयकराच्या साइटवर तुमच्या पॅनवर जमा दिसतात का, हे तिमाहीला बघा.

आयकराला अंदाजित उत्पन्नाची सोय आहे: बँकेतून किंवा यूपीआयवर आलेल्या रकमेच्या किमान ६ टक्के आणि रोखीच्या ८ टक्के नफा दाखवायचा, तपशीलवार वह्या लागत नाहीत. मात्र नफा खरोखर जास्त झाला असेल तर तो जास्तच दाखवा; पुढे गाडीचं किंवा घराचं कर्ज घेताना बँक तुमचे रिटर्नच बघते. कर दहा हजारांहून जास्त बसत असेल तर या पद्धतीत आगाऊ कर पूर्ण १५ मार्चपर्यंत भरायचा. पगारातून आपोआप कापला जायचा, आता नाही. म्हणून दर बिलातला पाच टक्के भाग त्याच दिवशी वेगळ्या खात्यात टाका.

आणि एक वही, किंवा फोनमधली शीट: प्रत्येक एसीचा सीरियल नंबर, गाव, गॅसचा प्रकार, भरलेले ग्रॅम, तारीख, केअरटेकरचा नंबर. मेअखेर ती समोर घेऊन वर्षाचे पैसे देणारे दिवस खरोखर किती झाले ते मोजा. १९५ च्या जागी १७० निघाले तर दिवसाचा खर्च ३,९५३ वर जातो, आणि सप्टेंबरच्या फोनांआधी नवा दर लिहून तयार हवा.